भिंतीला भेग का पडते, हे विचारणारी संस्था

पहिले महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटनमध्ये घरांचा प्रचंड तुटवडा होता. चार वर्षे घरबांधणी जवळपास ठप्प होती. गवंडी आणि सुतार आघाडीवर गेले होते आणि त्यांतले कितीतरी परतलेच नाहीत. सैनिकांना चांगली घरे देण्याचे वचन लॉइड जॉर्ज यांच्या सरकारने दिले होते. १९१९ च्या गृहनिर्माण कायद्याने ती जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. पण घरे बांधायची कशाने? विटा मिळेनात, कसबी माणसे मिळेनात. मग काँक्रीटचे ठोकळे, लोखंडी सांगाडे, अगदी खडू आणि माती ठोकून उभ्या केलेल्या भिंती, असे नाना पर्याय पुढे आले. यातले कोणते टिकेल, कोणत्या भिंतीतून ओल झिरपेल, कोणत्या घरात थंडीत राहवणार नाही, हे छातीठोकपणे सांगू शकेल असे कोणीच नव्हते. या अडचणीतून १९२० मध्ये सरकारच्या विज्ञान व औद्योगिक संशोधन विभागाने इमारत संशोधन मंडळ नेमले आणि १९२१ मध्ये लंडनच्या पश्चिमेला ईस्ट ॲक्टन येथे ‘बिल्डिंग रिसर्च स्टेशन’ सुरू झाले. सरकारने खास इमारतींच्या संशोधनासाठी काढलेल्या जगातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी ही एक.

तोवर बांधकामाचे ज्ञान मिस्त्रीकडून शिकाऊ पोराकडे, हातातून हातात जात होते. पूल, धरणे, रेल्वे यांच्यासाठी इंजिनिअरांनी शास्त्र उभे केले होते. वास्तुविशारद शैली शिकत होते. साधे दोन खोल्यांचे घर मात्र कोणाच्याच अभ्यासाचा विषय नव्हते. त्या घराचा गिलावा का सुटतो, विटेवर पांढरा लोणा का येतो, दगड पन्नास वर्षांत का झिजतो, हे प्रश्न प्रयोगशाळेत नेण्याच्या लायकीचे आहेत असे कोणी मानले नव्हते. या संस्थेने ते मानले. तिचे मोठेपण मला सर्वांत आधी याच गोष्टीत दिसते.

१९२५ मध्ये संस्था वॉटफर्डजवळ गार्स्टन येथे ‘बक्नल्स’ नावाच्या व्हिक्टोरियन हवेलीत हलली. भोवती झाडी, मोकळे रान. रेजिनाल्ड स्ट्रॅडलिंग हे तेव्हा संचालक होते आणि पुढे दुसऱ्या महायुद्धापर्यंत तेच राहिले. मोकळ्या जागेचा उपयोग त्यांनी नेमका ओळखला. विटा, दगड, मॉर्टर, काँक्रीट यांचे नमुने उघड्यावर ठेवायचे आणि ऊन, पाऊस, हिम यांना त्यांचे काम करू द्यायचे. एखाद्या दगडाचा निकाल यायला दहा-वीस वर्षे लागत. असे काम खासगी कारखानदार करणार नाही, त्याला पुढच्या हंगामात माल विकायचा असतो. विद्यापीठातला विद्यार्थीही करणार नाही, त्याची पदवी त्याआधीच होते. इतका धीर कायम पगारावरच्या सरकारी संस्थेलाच परवडतो.

याच्या जोडीला होती चौकशीची खिडकी. गावोगावचे आर्किटेक्ट आणि बिल्डर आपापली दुखणी पत्रातून कळवत आणि संस्था उत्तर देई. आलेल्या तक्रारींतूनच पुढच्या संशोधनाचे विषय ठरत. या संचितातून १९३८ मध्ये आर. फिट्झमॉरिस यांचे ‘प्रिन्सिपल्स ऑफ मॉडर्न बिल्डिंग’ आले. भिंत म्हणजे काय, तिने कोणकोणती कामे करायची असतात, त्यांतले कोणते काम कुठे फसते, अशा क्रमाने लिहिलेले. शैलीची चर्चा बाजूला ठेवून इमारतीच्या भागांकडून आपल्याला काय हवे आहे असे विचारणारी ही मांडणी आज प्रत्येक बांधकाम अभ्यासक्रमात मुरलेली आहे.

मातीच्या अभ्यासाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. १९३० च्या दशकात लेनर्ड कूलिंग यांनी गार्स्टनला मृदा यांत्रिकीचा विभाग उभारला. १९३६ मध्ये ॲलेक स्केम्प्टन हा तरुण संस्थेत दाखल झाला. १९३७ च्या उन्हाळ्यात लंडनच्या ईशान्येला चिंगफर्ड येथे एका जलाशयाचा मातीचा बांध काम चालू असतानाच घसरला. बांधाच्या पायथ्याशी पिवळसर मऊ चिकणमातीचा थर होता. असे बांध पूर्वी माणसे आणि घोडे लावून हळूहळू चढवले जात. वरचे वजन संथपणे वाढे आणि खालच्या चिकणमातीतले पाणी पिळून निघायला वेळ मिळे. तेवढ्या काळात माती घट्ट होत जाई. चिंगफर्डला आधुनिक यंत्रांनी बांध झपाट्याने चढवला. मातीला निचऱ्याची सवड मिळाली नाही, तिची ताकद वाढली नाही आणि बांध सरकला. कूलिंग आणि स्केम्प्टन यांनी नमुने काढून, तपासून हे दाखवले. पुढे मृदा यांत्रिकीचे जनक मानले जाणारे खुद्द कार्ल टेरझागी यांना सल्ल्यासाठी बोलावले गेले आणि बांधाचा आराखडा बदलला. ब्रिटनमध्ये मृदा यांत्रिकीला प्रतिष्ठा मिळाली ती इथून.

मला या घटनेचे महत्त्व आणखी एका कारणाने वाटते. बांधकाम व्यवस्थापनात वेळापत्रक ही पैशाची आणि मजुरांची बाब समजली जाते. चिंगफर्डने दाखवले की किती दिवसांत बांधायचे हा निर्णयही डिझाइनचाच भाग आहे. बांधाची उंची, उतार, माती सगळे तसेच ठेवून फक्त वेग बदलला तरी बांध पडू शकतो. आपल्याकडे स्लॅबची सेंट्रिंग लवकर काढण्याची घाई ज्यांनी पाहिली आहे, पाणी मारण्याचे दिवस कापलेले पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

युद्धकाळातली एक खूण गार्स्टनच्या झाडीत अजून उभी आहे. जर्मनीतल्या म्योने धरणाची पन्नासपट लहान प्रतिकृती १९४०-४१ च्या हिवाळ्यात तिथल्या एका ओढ्यावर बांधण्यात आली. खरे धरण दगडी, म्हणून प्रतिकृतीही मॉर्टरचे चिमुकले ठोकळे हाताने एकावर एक रचून केलेली. तिच्याजवळ स्फोट घडवून धरण फोडायला किती दारूगोळा लागेल याचा अंदाज घेतला गेला. लांबून केलेल्या स्फोटाचा उपयोग नाही, भिंतीला चिकटून झालेला स्फोट मात्र कैकपट भेदक ठरतो, हे अशा प्रतिकृतींवरच्या प्रयोगांतून उमगले आणि मे १९४३ मध्ये बार्न्स वॉलिस यांच्या उसळत्या बॉम्बने खरे धरण फुटले. खालच्या खोऱ्यात हजाराहून अधिक माणसे वाहून गेली. त्यांत सक्तीने मजुरीला आणलेल्या परदेशी स्त्रियाही होत्या. ती प्रतिकृती आज संरक्षित स्मारक आहे. इमारती टिकाव्यात म्हणून काढलेल्या संस्थेच्या आवारात ती आहे, हे विसरता येत नाही.

युद्धानंतरची वीस वर्षे हा संस्थेचा भराचा काळ. घरे पुन्हा कमी पडत होती आणि या वेळी प्रश्न साहित्यापुरता नव्हता. कामाच्या पद्धतीवरही संस्थेने लक्ष वळवले. निरीक्षक साइटवर ठरावीक अंतराने फेऱ्या मारत आणि त्या क्षणी कोण काय करतो आहे ते टिपत: वीट लावतो आहे, माल वाहतो आहे, वाट पाहतो आहे, काही करत नाही. सारख्याच घराला वेगवेगळ्या कंत्राटदारांकडे लागणाऱ्या मनुष्यतासांत मोठी तफावत निघाली. गवंड्याचा हात चालतो की नाही यापेक्षा त्याच्या हाताशी माल वेळेवर येतो की नाही, आधीच्या कारागिराने जागा मोकळी केली आहे की नाही, यावर बरेच अवलंबून असते, हे आकड्यांनिशी पुढे आले. आळशी मजूर हे सोपे स्पष्टीकरण त्यामुळे मागे पडले. दोष आखणीकडे, म्हणजे वरच्यांकडे सरकला.

प्रकाशाचे काम याच काळातले. राल्फ हॉपकिन्सन यांनी डोळ्यांवर येणाऱ्या तिरिपीचे, ग्लेअरचे मोजमाप बसवले. माणसाला खोलीत बसवून उजेड बदलत न्यायचा आणि विचारायचे, जेमतेम जाणवते का, चालेल इतपत आहे का, आता त्रास होतो का, आता सहन होत नाही का. या चार पायऱ्यांवर पुढे ग्लेअरचा निर्देशांक उभा राहिला. गार्स्टन ज्यात येते त्या हर्टफर्डशर परगण्यात तेव्हा शाळा बांधण्याची मोठी मोहीम चालू होती. तिथल्या आर्किटेक्टांनी संस्थेच्या शास्त्रज्ञांना बरोबर घेतले आणि वर्गाच्या आतल्या बाकापर्यंत आकाशाचा उजेड पोचतो का, फळ्यावर चकाकी येते का, भिंतींचा रंग कोणता असावा, हे मोजून ठरवले. त्या शाळा हलक्या, स्वस्त आणि उजळ झाल्या. डिझाइनची गुणवत्ता ही चवीची बाब आहे असे म्हणणाऱ्यांना त्या शाळा दाखवाव्यात. दुसऱ्या रांगेतल्या मुलाला फळा दिसतो की नाही यात चवीचा प्रश्न नाही.

डिसेंबर १९४८ पासून संस्थेने ‘डायजेस्ट’ काढायला सुरुवात केली. एकेका विषयावर चार-आठ पानांची, साध्या भाषेतली, कमी किमतीची पुस्तिका. मागे पांडित्य असायचे, पण पानावर गवंड्याच्या मुकादमालाही कळेल असा मजकूर. सुरुवातीच्याच एका अंकाचा विषय होता चिकणमातीवरच्या घरांचे पाये. लंडनची चिकणमाती कोरड्या उन्हाळ्यात आकसते. झाडांची मुळे पाणी ओढतात तिथे आणखी आकसते आणि उथळ पायावरचे घर कोपऱ्यातून तडकते. संस्थेचा उपाय सोपा होता. हाताच्या गिरमिटाने तीन-चार मीटर भोके पाडायची, त्यांत काँक्रीट ओतायचे आणि या आखूड पाइलींच्या डोक्यावर सळईची तुळई टाकून तिच्यावर भिंत उचलायची. हंगामागणिक हलणारा वरचा थर सोडून खालच्या स्थिर मातीवर घर टेकवायचे, एवढेच तत्त्व.

हीच अडचण आपल्याकडे कितीतरी तीव्र आहे. सोलापूर, मराठवाडा, विदर्भ या पट्ट्यातली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते आणि पावसात फुगून जोते उचलते. रुरकीला १९४७ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे केंद्रीय इमारत संशोधन संस्था म्हणून नावाजलेल्या प्रयोगशाळेत दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल विकसित केली. भोकाच्या तळाशी खास अवजाराने माती कोरून साधारण अडीचपट व्यासाचा फुगवटा करायचा. तो फुगवटा वजन तर पेलतोच, शिवाय वरची माती फुगून पाइल वर ओढू लागली की जमिनीत अडकून बसतो. खोल काळ्या मातीत ही पाइल किमान साडेतीन मीटर खाली न्यावी असे आपले भारतीय मानक सांगते. लंडनच्या चिकणमातीला जो उपाय पुरला तो दख्खनला जसाच्या तसा पुरला नसता, तो इथे नव्याने घडवावा लागला. रुरकीच्या संस्थेनेही गार्स्टनप्रमाणे ‘बिल्डिंग डायजेस्ट’ काढले. आपल्याकडच्या किती लहान कंत्राटदारांच्या हाती ते पडले, हा प्रश्न मला छळतो. कारण काळ्या मातीवर उथळ पाया घालून बांधलेली आणि तिसऱ्या पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी तडकलेली घरे लातूर-परभणीकडे आजही दिसतात.

रुरकीशी गार्स्टनचा दुसरा धागा उष्णतेचा. चार्ल्स वेब हे गार्स्टनचे शास्त्रज्ञ सिंगापूर, बगदाद आणि रुरकी इथे माणसांना किती तापमानात बरे वाटते याच्या नोंदी घेत होते. त्या नोंदी पुढे गार्स्टनमध्येच फर्गस निकोल आणि मायकेल हम्फ्रीज यांच्या हाती आल्या. निकोल यांनी १९७४ मध्ये बगदाद आणि रुरकीच्या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. पाश्चात्त्य प्रयोगशाळांतल्या हिशेबाने ज्या तापमानात माणूस बेचैन व्हायला हवा, त्या तापमानात, तीस अंशांच्या पुढेही, ही माणसे ठीक होती. पंखा होता, सैल कपडे होते, हवामानाची सवय होती. माणूस परिस्थितीशी जुळवून घेतो, म्हणून आरामाचे तापमान जगभर एकच धरता येत नाही, हा विचार तिथून बळावला. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात २०१४ मध्ये झालेले भारतीय आराम-मापन आणि २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत आलेली त्याची दखल याच विचाराच्या वळणावरची. काचेच्या खोक्यात चोवीस अंशांवर बसण्याचा अट्टहास शास्त्राने सांगितलेला नाही, हे आपल्या बिल्डरांना आणि गिऱ्हाइकांना कोणीतरी वारंवार सांगायला हवे.

पुन्हा ब्रिटनकडे वळू. १६ मे १९६८. पूर्व लंडनमधली रोनन पॉइंट ही बावीस मजली इमारत. कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती आणि स्लॅब आणून साइटवर एकावर एक रचलेली. लोक राहायला येऊन दोन-तीन महिनेच झाले होते. पहाटे अठराव्या मजल्यावरच्या एका घरात गॅसचा स्फोट झाला. स्फोट फार मोठा नव्हता, ज्यांच्या घरात झाला त्या बाई वाचल्या. पण बाहेरची भिंत ढकलली गेली, तिच्यावर टेकलेल्या वरच्या स्लॅबचा आधार सुटला आणि एकेक मजला कोसळत इमारतीचा अख्खा कोपरा खाली आला. चार माणसे गेली. चौकशीत गार्स्टनच्या लोकांची मदत झाली आणि त्यातून एक नवा नियम जन्मला: एखादा भाग निकामी झाला तर हानी त्या मानानेच व्हावी, सगळी इमारत त्याच्याबरोबर जाता कामा नये. १९७० मध्ये हे ब्रिटनच्या इमारत नियमांत आले. पुढे जगभरच्या संहितांनी ते उचलले.

इमारत मात्र दुरुस्त करून पुन्हा वापरात आणली गेली आणि १९८६ मध्ये पाडायची ठरली. तेव्हा ती सुरुंगाने न उडवता एकेक मजला उतरवत खोलली गेली. उद्देश हा की सांधे आतून कसे आहेत ते पाहावे. भिंत आणि स्लॅब जिथे भेटतात तिथे मॉर्टर घट्ट भरलेला असायला हवा होता. काही सांध्यांत पोकळी होती, काही ठिकाणी वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले होते. आराखड्यात तो सांधा भरलेला होता. ज्या माणसाने तो भरायचा, तो अरुंद फटीत, उंचावर, वाऱ्यात, तासाच्या हिशेबाने काम करत होता आणि त्याच्यावर नजर ठेवणारे कोणी नव्हते. त्या सांध्याकडे पाहिले की डिझाइनची गुणवत्ता आणि बांधकामाचे व्यवस्थापन ही दोन वेगळी खाती मानता येत नाहीत. जो सांधा साइटवर नीट भरता येणार नाही, तो कागदावर कितीही पक्का असो, डिझाइन म्हणून वाईटच.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आग संशोधन आणि लाकूड संशोधन या दोन संस्था गार्स्टनला जोडल्या गेल्या आणि ‘बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंट’ हे नाव रूढ झाले. बीआरई म्हणतात ती हीच. या दशकात संस्थेने माझ्या मते तिचे सर्वांत मोलाचे काम केले. चौकशीच्या खिडकीवर वर्षानुवर्षे आलेली, स्वतः जाऊन पाहिलेली शेकडो दुखणी ती मांडून बसली आणि त्यांची कारणे तिने वर्गवार लावली. ओल हे सर्वांत मोठे दुखणे निघाले, याचे कोणाला नवल वाटले नाही. नवल वाटले ते पुढच्या निष्कर्षाचे. निम्म्याहून अधिक बिघाडांच्या मुळाशी डिझाइन होते. कामातली हयगय त्याखालोखाल. वाईट साहित्य फारच मागे. आणि डिझाइनमधल्या बहुतेक चुकांवरचे उत्तर आधीच छापून झालेले होते, कित्येकदा संस्थेच्याच डायजेस्टमध्ये. नव्या शोधांची वानवा नव्हती. असलेले ज्ञान ड्रॉइंग काढणाऱ्याच्या टेबलापर्यंत जात नव्हते.

मग संशोधक साइटवर गेले. १९८१ मध्ये आलेल्या एका अभ्यासात त्यांनी चालू कामांवर थांबून गुणवत्ता कुठे आणि कशी घसरते ते पाहिले. गवंड्याला कसब नव्हते असे क्वचितच घडले. ड्रॉइंगमध्ये तपशील नव्हता, किंवा दोन ड्रॉइंगे एकमेकांशी जुळत नव्हती, किंवा मोजमापाच्या यादीत एक आणि नकाशात दुसरे होते, मग साइटवरच्या माणसाने आपल्या अंदाजाने काहीतरी केले, हे मात्र वारंवार घडले. या निष्कर्षांच्या रेट्याने ब्रिटनमधल्या व्यावसायिक संस्था एकत्र आल्या आणि १९८७ मध्ये ड्रॉइंग, विनिर्देश आणि परिमाणपत्रक यांची एकच सामायिक मांडणी तयार झाली. हे काम नीरस वाटते. पण कोणत्याही कामावर साइट इंजिनिअर म्हणून चार महिने काढलेल्या माणसाला विचारा, त्याचा निम्मा दिवस ‘कोणते ड्रॉइंग खरे’ हे विचारण्यात जातो.

बांधकामाच्या माणसांच्या नात्यांचा अभ्यास दुसरीकडेही चालू होता. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटने १९६५ मध्ये बांधकाम धंद्यातल्या परस्पर संवादावर अहवाल दिला. पुढे विद्यापीठांतून बांधकाम व्यवस्थापन हा स्वतंत्र विषय झाला, १९८३ मध्ये ‘कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट अँड इकॉनॉमिक्स’ हे नियतकालिक निघाले. आपल्या पुण्यातल्या निकमार या बांधकाम व्यवस्थापनाच्या संस्थेची स्थापनाही त्याच वर्षीची. १९९४ चा लॅथम अहवाल, १९९८ चा ईगन अहवाल, दोन्हींनी भांडणे कमी करा, एकत्र काम करा असा धोशा लावला. १९९५ पासून सात वर्षे ‘प्रोब’ या नावाने बिल बोर्डास, एड्रियन लीमन आणि सहकाऱ्यांनी वापरात असलेल्या इमारतींना पुन्हा भेट देऊन वीज किती लागते, लोक खूश आहेत का, हे इमारतींच्या नावानिशी छापले. नावानिशी, हे महत्त्वाचे. २००० नंतर इमारतीची गुणवत्ता उपयोग, बांधणी आणि परिणाम या तीन अंगांनी जोखणारी प्रश्नावली आली. ती चांगली होती, पण कार्यालयांत चर्चेचे साधन म्हणून जितकी वापरली गेली तितकी शिकण्याचे साधन म्हणून नाही, असे माझे मत आहे.

गार्स्टनची शेवटची दिमाखदार कामगिरी कार्डिंग्टनची. बेडफर्डशरमध्ये हवाई जहाजांसाठी बांधलेली, ‘आर-१०१’ हे हवाई जहाज जिथून निघाले ती अजस्र कोठारे आहेत. त्यांतल्या एकात बीआरईने पोलादी सांगाड्याची आठ मजली पूर्ण इमारत उभारली आणि १९९५-९६ मध्ये तिला आगी लावल्या. ऑफिसात असते तसे फर्निचर भरून, खरीखुरी आग. उघड्या पोलादी तुळया लालबुंद होऊन वाकल्या, पण मजले पडले नाहीत. तुळया मऊ झाल्यावर काँक्रीटचा स्लॅब ताणलेल्या चादरीसारखा भार धरून राहिला. एकटी तुळई भट्टीत घालून केलेल्या चाचणीत हे कधीच दिसले नसते. अख्खी इमारत म्हणून ती काय करते हे पाहायला अख्खीच इमारत जाळावी लागली. इतका खर्चिक आणि इतका उपयोगी प्रयोग क्वचितच झाला असेल.

पण संस्थेखालची जमीन तोवर सरकली होती. १९९० मध्ये ती सरकारी एजन्सी झाली. त्याच वर्षी इमारतींना पर्यावरणाच्या निकषांवर गुण देणारी ‘ब्रीअम’ पद्धत तिने काढली आणि ती पुढे जगभर गेली. मार्च १९९७ मध्ये सरकारने संस्था विकली. मालकी नफा न वाटणाऱ्या न्यासाकडे आली, हे खरे. पण सरकारी अनुदानाच्या जागी आता गिऱ्हाईक होते. चाचणी करून घेणारा कारखानदार पैसे भरणार, अहवाल त्याच्या मालकीचा, तो छापायचा की नाही हे तो ठरवणार. दहा-वीस वर्षे उघड्यावर दगड ठेवून वाट पाहण्याची सोय या हिशेबात बसत नाही.

१९९९ मध्ये स्कॉटलंडमधल्या अर्विन इथे एका उंच इमारतीच्या बाहेरच्या आवरणावरून आग चढत गेली आणि एकाचा जीव गेला. त्यानंतर सरकारसाठी बीआरईने २००१ मध्ये आवरणांच्या मोठ्या चाचण्या केल्या. मधल्या थरात पॉलिएथिलिन असलेले ॲल्युमिनिअमचे पत्रे काही मिनिटांत भयंकर भडकले. तो निकाल सार्वजनिक झाला नाही आणि नियमही बदलले नाहीत. १४ जून २०१७ च्या रात्री लंडनमधला चोवीस मजली ग्रेनफेल टॉवर त्याच जातीच्या पत्र्यांमुळे पेटला आणि बहात्तर माणसे गेली.

सर मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशीचा अंतिम अहवाल ४ सप्टेंबर २०२४ ला आला. सरकार, नगरपालिका, आर्किटेक्ट, कंत्राटदार, उत्पादक, सगळ्यांवर त्यात ठपका आहे आणि बीआरईलाही तो चुकला नाही. २०१४ मधल्या एका चाचणीत इन्सुलेशनच्या उत्पादकाने मांडणीत मॅग्नेशियम ऑक्साइडचे न जळणारे फळे दडवले होते आणि चाचणीच्या अहवालात त्यांचा उल्लेखच नव्हता. बाहेरच्या भिंतींच्या चाचण्यांचे संस्थेचे बरेचसे काम अव्यावसायिक वर्तन, तोकडी देखरेख आणि शास्त्रीय काटेकोरपणाचा अभाव यांनी डागाळले होते, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. व्यापारी हितसंबंधांमुळे संस्था उत्पादकांच्या हातचलाखीला बळी पडण्याजोगी झाली, हेही त्यात आहे. कूलिंग-स्केम्प्टन, हॉपकिन्सन आणि कार्डिंग्टन यांच्या संस्थेबद्दल असे वाचताना मला खरोखर वाईट वाटले. तिथल्या आग तपासणाऱ्यांना आग कळत नव्हती असे नाही. २००१ मध्ये त्यांनीच ती पाहिली होती. ती पाहिलेली गोष्ट गावोगावच्या आर्किटेक्टपर्यंत, पालिकेच्या अभियंत्यापर्यंत, टॉवरमधल्या भाडेकरूंपर्यंत पोचवणारी चौकशीची खिडकी आणि कमी किमतीचा डायजेस्ट मधल्या काळात निकामी झाले होते.

आपल्याकडे हा विषय लांबचा नाही. मुंबई-पुण्यात चाळीस-पन्नास मजल्यांच्या इमारती काचेने आणि पत्र्याने मढवल्या जात आहेत. त्या पत्र्यांच्या मधल्या थरात काय आहे, ते कोणी, कोणाच्या पैशांनी तपासले आणि त्या तपासणीचा कागद गिऱ्हाइकाला पाहायला मिळतो का, हे सोसायटीच्या पहिल्या सभेत विचारायचे प्रश्न आहेत. इमारत पडली किंवा जळली की आपल्याकडे गुन्हा नोंदवला जातो, बिल्डरला अटक होते, चौकशी समिती बसते. तिचा तांत्रिक अहवाल शिकाऊ इंजिनिअरांच्या हाती पडत नाही. रुरकीच्या शास्त्रज्ञांना, आयआयटीच्या प्राध्यापकांना अशा जागी नेले जाते, त्यांनी पाहिलेले फायलीत राहते.

ग्रेनफेल चौकशीने सुचवले की बांधकामासाठी एकच नियामक असावा आणि उत्पादनांच्या चाचण्या व प्रमाणपत्रेही त्याच्याकडेच असावीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने एकच नियामक मान्य केला, पण चाचण्या आणि प्रमाणपत्रे त्याच्या हाती द्यायला नकार दिला. नियमन करणाऱ्यानेच चाचणी केली तर नवा हितसंबंध तयार होतो, असे कारण दिले. त्या कारणात तथ्य आहे. मग चाचणी करायची कोणी आणि तिचा निकाल कोणाच्या मालकीचा, हे १९२१ मध्ये ईस्ट ॲक्टनला सरकारने आपल्या तिजोरीतून सोडवलेले कोडे तिथे पुन्हा खुले झाले आहे.